जोड लागत नाही!

स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलेली आपली मुलं फोन करतात आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, "दादा, कॉलेज फुटबॉलचे मोठे संघ कॉन्फरन्सबाहेर, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाबाहेर, एकमेकांना का भिडत नाहीत? घाबरतात का?" मलाही तसंच वाटायचं. मी कोल्हापूरचा. जत्रेतल्या कुस्त्यांची जोड कमिटी लावते, पैलवान लंगोट कसून उतरतो, विषय संपला. इथे कमिटीच नाही. कॉन्फरन्सचे सामने कॉन्फरन्स ठरवते, उरलेले प्रत्येक विद्यापीठाने फोन फिरवून जमवायचे. एका मध्यम विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक विभागात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून मी दोन वर्षं तेच केलं, आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो.

भीती असते, पण आधी गणित बघा. मोसमात सामने १२. बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्समध्ये त्यातले ९ कॉन्फरन्सचे. २०२६ पासून एसईसी या तिसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्येही ९. उरले ३. नऊ ही विषम संख्या, म्हणून एका वर्षी घरच्या मैदानावर ५ तर पुढच्या वर्षी ४. बड्या विभागांना घरचे ७ सामने हवेच असतात, कारण त्या गल्ल्यावर बाकीचे खेळ जगतात. म्हणजे चारच्या वर्षी तिन्ही मोकळे सामने घरीच हवेत. पाहुणे म्हणून जायचं ते पाचच्या वर्षी. समोरच्याचंही हेच. तुमचं पाचचं वर्ष त्याचं चारचं असलं पाहिजे, वर शनिवारही तोच मोकळा हवा. आयोवासारखी दरवर्षी आयोवा स्टेटशी लढत ठरलेली असेल, तर ती एक जागा आधीच गेली. आठ-दहा वर्षांपुढचे करार होतात ते यामुळे. तोवर प्रशिक्षक बदललेला असतो आणि नव्याला जुन्याचं लग्न निभवायचं नसतं.

आता भीतीचा भाग. २०१४ मध्ये बेलरने एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफेलो असे तीन मऊ प्रतिस्पर्धी घेतले आणि ११-१ (११ विजय, १ हार) असूनही विजेतेपदाची प्लेऑफ हुकली. सगळे म्हणाले, तगडे सामने घ्या. मग २०२४ मध्ये बारा संघांची प्लेऑफ आली. तसंच मऊ वेळापत्रक घेऊन इंडियाना ११-१ वर आत गेली, ९-३ वालं अलाबामा बाहेर राहिलं. २०२५ ला टेक्सासने सलामीलाच ओहायो स्टेटच्या घरी जाऊन १४-७ अशी हार पत्करली, शेवटी ९-३ होऊन घरी बसले. नेब्रास्काने टेनेसीबरोबरची २०२६-२७ ची दोन सामन्यांची जोडी भरपाई देऊन मोडली. कुणाला नावं ठेवणार? मी तरी ठेवतो. प्रेक्षक पूर्ण पैसे मोजतात.

मध्यम संघाचं दुखणं निराळं. कच्चे असाल तर पैसे देऊन बोलावतात, पक्के असाल तर फोन उचलत नाहीत. मिशिगनने २००७ मध्ये अ‍ॅपलेशियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि ३४-३२ ने हरलं. २०२४ ला नॉत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख दिले, निकाल १६-१४, पाहुण्यांच्या बाजूने. बॉइसी स्टेटच्या निळ्या मैदानावर २००९ ला ऑरेगन गेलं, १९-८ ने हरून आलं. असले निकाल अ‍ॅथलेटिक डायरेक्टर विसरत नसतात.

आता माझी चूक, सावकाश वाचा. आमच्या एका प्रतिस्पर्ध्याने वर्षभर आधी सामना रद्द केला. करारातली भरपाई मिळाली, मी खूश. जुन्या यादीतून एक एफसीएस, म्हणजे आमच्याहून खालच्या विभागातला, संघ शोधला: तारीख मोकळी, दर स्वस्त, आमच्यापासून चार तासांवर. मसुदा तयार करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कंप्लायन्सच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "दुसऱ्या आठवड्यात कोण आहे?" तिथेही एफसीएसच होता. मोसमानंतरच्या बोल सामन्यासाठी ६ विजय लागतात, आणि एफसीएसविरुद्धचा एकच विजय त्यात धरतात. दोन्ही जिंकून मोसम ६-६ संपला असता, तरी धरले असते पाचच. शिवाय तो एक विजय धरायलाही त्या एफसीएस संघाने ठरावीक प्रमाणात शिष्यवृत्त्या दिलेल्या असाव्या लागतात. पायोनियर लीगसारख्या शिष्यवृत्ती न देणाऱ्या लीगचा संघ स्वस्तात मिळतो तो उगाच नव्हे. रिकामी तारीख दिसली की हात शिवशिवतात. आधी सगळे बारा सामने एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे एफबीएस (आमचा वरचा विभाग) की एफसीएस, घरचा की बाहेरचा, आणि विजय धरला जाणार की नाही, हे मांडा, मग फोन उचला. माझे यात तीन आठवडे गेले. तेवढ्यात मोकळे एफबीएस संघ आणखी कमी झाले, आणि जो मिळाला त्याचा दर आलेल्या भरपाईच्या वर गेला. भरपाईने तारीख विकत मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

नोकरी गेली नाही. साहेब फक्त म्हणाले, "आता तू हे कधी विसरणार नाहीस." तुमचंही काहीतरी चुकेल, एवढं घाबरू नका.

वेळापत्रकाची सॉफ्टवेअरं आहेत, वापरा, पण ती फक्त रिकामा शनिवार दाखवतात. समोरच्याला यायचं आहे का, हे फोनवरच कळतं. ईमेलवर तर कुणी "नाही" सुद्धा म्हणत नाही. नेटवर्किंगच्या परिषदांत कार्डं वाटणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. निवृत्तीला आलेला, जुन्या करारांच्या फायली जपणारा एखादा गाठा, त्याला कॉफी पाजा.

आणि करार वाचा. सरकारी विद्यापीठांचे सामन्यांचे करार आपल्याकडच्या माहिती अधिकारासारख्या कायद्याने मागवता येतात. मी चाळीसेक वाचले. पहिल्या पानावरची रक्कम सोडा, रद्द करण्याचं कलम आधी काढा: किती महिने आधी कळवायचं, भरपाई किती, आणि कॉन्फरन्सने सामने वाढवले तर सुटका आहे का. एसईसी नवावर गेल्यापासून हे शेवटचं वाक्य मी लाल पेनने अधोरेखित करतो.