आधी पाणी, मासे शेवटी: नव्या फिशटँकची तयारी

घरात फिशटँक आणायचं ठरलं की बहुतेक जण एकाच फेरीत पेटी, खडे, पंप आणि मासे घेऊन येतात. आठ-दहा दिवसांत एकेक मासा मरायला लागतो. पाणी दिसायला नितळ असतं, त्यामुळे दोष दुकानदाराला नाहीतर नशिबाला दिला जातो. मुळात त्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जिवाणूच तयार झालेले नसतात. म्हणून माझ्या यादीत मासे शेवटी येतात आणि त्याआधी जवळजवळ महिनाभर नुसतं पाणी सांभाळायचं.

पहिलं काम घरचं पाणी ओळखणं. आपल्या भागात थोडं अंतर गेलं की पाणी बदलतं. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी, खानापूरकडे तांबड्या मातीतल्या विहिरी, अथणी-चिकोडीच्या बाजूला काळ्या रानातले बोअर. साबणाला फेस येत नसेल, पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी सुखाने राहतात. पाणी हलकं असेल तर टेट्रा, रासबोरा, बार्ब यांचा विचार करा. पाण्याला साजतील असे मासे निवडावेत. माशांसाठी पाणी बदलत बसणं नवख्याला झेपत नाही.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या. त्याहून लहान नको, कारण थोड्या पाण्यात घाण लवकर साठते आणि तापमानही झटकन वरखाली होतं. काठोकाठ भरली तर यात साधारण 56 लिटर पाणी मावतं. वाळू आणि काच धरून वजन 70 किलोच्या आसपास जातं. तेव्हा टीव्हीचं हलकं टेबल चालणार नाही. स्टँड पाणसळ लावून बघा, काचेखाली थर्माकोलची शीट घाला आणि पेटी ऊन पडणाऱ्या खिडकीपासून लांब ठेवा, नाहीतर शेवाळ माजेल.

वाळू धुऊन धुऊन पाणी नितळ येईपर्यंत सोडू नका. खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करत राहील. गोव्याहून आणलेले शिंपले आणि संगमरवराचे तुकडे याच कारणाने नकोत. वनस्पतींमध्ये व्हॅलिसनेरिया, जावा फर्न पुरे. किल्ला तलावातून किंवा कपिलेश्वरच्या तळ्यातून काही उपटून आणू नका. त्याबरोबर गोगलगायी आणि रोग घरात येतात.

फिल्टर एअर पंपाच्या हवेवर चालणारा, स्पंजचा असला तरी पुरे, पण तो दिवसरात्र सुरू हवा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. करंट गेला की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. वायर प्लगकडे जाण्याआधी एकदा प्लगच्या खाली झोळ खाऊन जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला करंट तासन्‌तास येत नाही, आणि हवा बंद पडली की स्पंजातले जिवाणू काही तासांत मरायला लागतात. एअर पंपाला तीन ते पाच वॅट लागतात, तो इन्व्हर्टरवर टाका. हीटर मात्र इन्व्हर्टरवर नको. बेळगावच्या थंडीत हीटर लागतोच. एवढ्या पेटीला 50 ते 75 वॅटचा पुरतो. पाणी 24 ते 27 अंशांत राहिलं पाहिजे.

आता महिनाभराचं खरं काम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादली चोवीस तास उघडी ठेवली तर साधं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाईन जात नाही, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब घालणंच बरं. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी त्या आठवड्यात पेटीत घालूच नका. पाणी भरलं, फिल्टर आणि हीटर सुरू केले की रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, मासे नसतानाही. ते कुजून अमोनिया होतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष आहेत, तिसरं बरंच सौम्य. हे दोन्ही गट जमायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. म्हणून दसऱ्याला पाणी भरावं, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पेटी तयार व्हायला लागते आणि कडाक्याच्या थंडीआधी जिवाणू स्थिरावतात. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा. तो ओला ठेवून घरी आणला आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवला तर निम्मा वेळ वाचू शकतो. यासारखी मदत बाटलीतल्या कुठल्याही औषधाने होत नाही असं माझं ठाम मत आहे.

थेंबांचं टेस्ट किट घ्या, याचे पैसे वाचवू नका. अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहिलं तर शून्य. हिरवट झाक आली की अमोनिया आहे. नायट्राईटचं पाणी फिकट निळं राहायला हवं, जांभळं होता कामा नये. नळी उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरा, कारण दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात हिरवट झाक लक्षात येत नाही. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, असं सलग आठवडाभर आलं की पेटी तयार. मग अर्धं पाणी बदला.

मासे आणायला जाताना नावं ठरवूनच जा. दुकानातला चिमुकला सकर, ज्याला काच साफ करणारा म्हणतात, फूटभराहून मोठा होतो. गोल्डफिशला थंड आणि खूप पाणी लागतं, दोन फुटांत तो कोंडतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न या पेटीचे नव्हेत. फायटर एकटाच ठेवावा. झेब्रा डॅनियो आपल्याच उपखंडातला, चिवट मासा. त्याचा सहा-सात जणांचा थवा हलत राहतो तेव्हा खोलीला जाग येते. पहिल्या खेपेला पाच-सहाच लहान मासे आणा, दोन आठवडे टेस्ट करत राहा, मगच पुढचे आणा. गप्पीचे नर-माद्या एकत्र ठेवल्या तर महिन्याला पिल्लं होतात, तेव्हा नुसते नर घ्या.

कोल्हापूरहून मासे आणत असाल तर पिशवी कापडात गुंडाळून, एसटीच्या इंजिनजवळ न ठेवता आणा. घरी आल्यावर दिवे मालवा, पिशवी वीस मिनिटं पेटीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर पेटीचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून पेटीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पहिला दिवस खाऊ घालू नका.

त्यानंतर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच स्पंज हलका पिळा, नळाखाली नाही. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो आयक नावाचा परजीवी. पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत नेऊन हवा वाढवा आणि औषध विचारून घाला.

नको झालेला मासा मलप्रभेत, घटप्रभेत किंवा मार्कंडेयात सोडू नका. आपल्या नद्या घाटात उगम पावतात, तिथले काही मासे इतरत्र सापडत नाहीत, आणि सकरसारखे पाहुणे एकदा शिरले की परत काढता येत नाहीत. दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. यल्लम्माला किंवा गावी जायचं असेल तर निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हातात खाद्याचा डबा देऊ नका. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून, वार लिहून द्या.