बॅटरीवरचा पहिला प्रकल्प: झोपेतला प्रवाह मोजायला शिकताना

इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी मामांच्या कांदा चाळीसाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र बनवायला घेतले. चाळीत साठवलेल्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हवा दमट झाली की सड लागते आणि फार कोरडी झाली की वजन घटते. चाळीत वीज नव्हती, मात्र घरातले वायफाय तिथवर पोहोचत होते. त्यामुळे यंत्र बॅटरीवरच चालवावे लागणार होते.

पहिला प्रयत्न मी प्रयोगशाळेतल्या जुन्या, मोठ्या ईएसपी३२ (वायफाय असलेली नियंत्रक चिप) बोर्डावर केला. दर १५ मिनिटांनी जागे व्हायचे, नोंद पाठवायची आणि पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिपचे बहुतेक भाग बंद ठेवणाऱ्या गाढ झोपेत, जायचे, असा प्रोग्राम बरोबर चालत होता, तरीही १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत संपली. मी दोन आठवडे प्रोग्राममध्येच चूक शोधत राहिलो. शेवटी बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडला, तेव्हा झोपलेला बोर्डही सुमारे ११ मिलिअँपिअर घेत असल्याचे दिसले. मुख्य चिप झोपली होती. पण व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची वेगळी चिप आणि सतत जळणारा लाल एलईडी जागेच होते. नवख्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे की डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) चिपसाठी दिलेला आकडा संपूर्ण बोर्डाला लागू होत नाही.

त्यानंतर मी सीड स्टुडिओचा शाओ ईएसपी३२-सी३ हा बोर्ड घेतला. तो जेमतेम २१ मिलिमीटर लांब असून लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सोय त्याच्यावरच आहे, आणि डीप स्लीपमध्ये तो साधारण ४४ मायक्रोअँपिअर (मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर) घेतो. आता हिशेब असा झाला: झोपेचा दिवसाचा खर्च सुमारे १ मिलिअँपिअर-तास, आणि दिवसातून ९६ वेळा जागे होण्याचा खर्च, प्रत्येक वेळी ४ सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरल्यास, १०.७ मिलिअँपिअर-तास. म्हणजे आता खर्च झोपेत नव्हता, तो जागेपणात होता, आणि त्यातलाही बराचसा वेळ वायफाय जोडण्यात जात होता. राउटरचा चॅनल आणि यंत्राचा आयपी पत्ता आधीच ठरवून दिल्यावर ४ सेकंदांचे दीड सेकंद झाले आणि दिवसाचा एकूण खर्च १२ वरून ५ मिलिअँपिअर-तासांपर्यंत उतरला. हा कागदावरचा हिशेब प्रत्येकाने बोर्ड विकत घेण्यापूर्वीच करावा. पुढे नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मला हाच हिशेब फळ्यावर मांडायला सांगितला होता.

मोजताना मात्र एक अडचण हमखास येते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर असताना त्याचा अंतर्गत रोध मोठा असतो. बोर्ड जागा होऊन वायफाय सुरू करतो, त्या क्षणी प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतो, मीटरवरच व्होल्टेज पडते आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. यासाठी मी मीटरच्या दोन टोकांना एक साधी तार समांतर जोडतो, बोर्ड झोपी गेल्यावर ती काढून आकडा वाचतो आणि तो जागा होण्यापूर्वी परत लावतो.

या बोर्डाच्या काही गोष्टी सुरुवातीलाच माहीत असलेल्या बऱ्या. सोबत मिळणारा छोटा अँटेना लावल्याशिवाय वायफायचा पल्ला अगदीच तोकडा राहतो. डीप स्लीपमधून उठल्यावर प्रोग्राम अगदी सुरुवातीपासून चालतो, म्हणून मोजणीचे आकडे टिकवायचे असतील तर ते आरटीसी मेमरीत, म्हणजे झोपेतही चालू राहणाऱ्या छोट्या मेमरीत, ठेवावे लागतात. झोपेत यूएसबी पोर्टही संगणकावरून नाहीसा होतो. बोर्ड बिघडला, असे समजून मी एक नवा मागवलाही होता; वास्तविक बूट बटण दाबून धरत केबल जोडली की तो पुन्हा दिसतो. बॅटरीचे व्होल्टेज वाचण्यासाठी वेगळी पिन नाही, त्यामुळे २०० किलोओहमचे दोन रोध जोडून निम्मे व्होल्टेज ए० पिनवर घ्यावे लागते, आणि हे दोन रोध स्वतः सुमारे १० मायक्रोअँपिअर घेतात, तेही हिशेबात धरावेत.

बॅटरीची दोन्ही टोके बोर्डाच्या पाठीमागच्या बारीक पॅडवर सोल्डर करावी लागतात. तिथे उलट जोडणी झाली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून मी अजूनही सोल्डरिंग गन तापवण्यापूर्वी दोन्ही तारांचे व्होल्टेज मीटरवर तपासतो आणि धन तारेवर लाल नळी चढवून घेतो.