कोरड्या ओढ्यापाशी झालेली चूक

नव्या रस्त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याच्या माझ्या पहिल्या अहवालात एका ठिकाणी मी ‘पाण्याचा प्रवाह नाही’ असं लिहिलं होतं. त्याची बोच अजून गेलेली नाही. पाहणी भर उन्हाळ्यातली. पात्र कोरडं ठणठणीत होतं, मी खोलगट पडीक जमीन समजले. तिथे भराव झाला, एवढीशी मोरी टाकली गेली. पहिल्याच मोठ्या पावसात भरावाने बांधासारखं पाणी अडवलं आणि वरच्या अंगाची शेतं बुडाली.

म्हणून बेसलाइन, म्हणजे बांधकामाआधीच्या परिस्थितीची नोंद, एकाच ऋतूत उरकू नका. उन्हाळ्यातच जावं लागलं तरी पाणी खुणा ठेवून गेलेलं असतं. गुळगुळीत गोटे, एकाच दिशेला कललेली झुडपं, फांद्यांत अडकलेला पालापाचोळा. तो पाचोळा तळापासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजा, पूर निदान तिथवर चढलेला असतो. मग शेजारच्या शेतात काम करणाऱ्याला विचारा. मी नकाशावर विसंबले, विचारलं नाही. आणि पावसात पुन्हा जाच. बेडकांच्या वाटा तेव्हाच दिसतात.

हवा आणि आवाजाचं मोजमाप हळूहळू जमतं. वाहतूक दुप्पट झाली की आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, एवढं डोक्यात असलं तरी मॉडेलचा चुकलेला आकडा पटकन खटकतो. जास्त चुका होतात त्या रस्त्याच्या आजूबाजूला कुठवर परिणाम मोजायचा तो पट्टा आखण्यात. फोरमन आणि डेब्लिंजर या संशोधकांनी 2000 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका महामार्गाचा परिणाम सरासरी 600 मीटर रुंद पट्ट्यात दाखवला होता. ड्रॉइंगवरच्या दोन रेघांच्या आतच मोजत बसलात तर बाकीचं सगळं निसटेल. मुरमाच्या खाणी आणि मजुरांच्या वस्त्याही त्या रेघांच्या बाहेरच असतात.

जुनाच अहवाल गावांची नावं बदलून नवा म्हणून द्यायला सांगणारे वरिष्ठ भेटतील. स्पष्ट सांगते, त्यांच्या हाताखाली राहू नका. माझ्या चुकीनंतर एका वरिष्ठांनी मला रस्त्याची अख्खी आखणी पायी चालायला लावली. त्या चार दिवसांत जे शिकले ते कुठल्याच सॉफ्टवेअरने शिकवलं नाही.

पण घाबरून हे काम सोडू नका. ती मोरी नंतर मोठी करता आली. कॅनडातल्या बॅन्फमध्ये महामार्गावरचे प्राण्यांसाठीचे पूल वापरायला ग्रिझली अस्वलांना काही वर्षं लागली. म्हणून तुमच्या आराखड्यातही बांधकामानंतरच्या देखरेखीची वर्षं आणि तिचा खर्च आधीच लिहून ठेवा. मंजुरीनंतर तो कोणी देत नाही.