ओबुसुमा आणि मुरेरे: अबान्याला घरातलं जेवण आपल्या गॅसवर

पश्चिम केनियात अबान्याला लोकांची दोन ठिकाणं आहेत. एक बुसिया काउंटीत, न्झोइया नदी व्हिक्टोरिया सरोवराला मिळते तिथलं बुदालंगी; दुसरं काकामेगा काउंटीतलं नावाखोलो. दोन्हीकडचे लोक लुह्या या मोठ्या लोकसमूहातलेच. सरोवराकाठी मासळी मुबलक, पण दोन्हीकडच्या ताटात मधोमध असतो तो ओबुसुमा, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा. जुन्या पद्धतीत स्वयंपाकघर राहत्या घरापासून वेगळं, झोपडीवजा. आत तीन दगडांची चूल.

आपल्याला हे सोपं वाटतं, कारण उकड आणि नाचणीचे मुद्दे (उकडलेले गोळे) आपल्या ओळखीचे. माझीही तीच चूक झाली: सवयीने मीठ आणि जिरं घातलं. ओबुसुम्यात मीठ नसतं. तो मुद्दाम बेचव ठेवायचा, म्हणजे चव भाजी आणि मासळीची लागते.

पीठ. हल्ली मक्याचं पीठ सर्रास वापरतात, पण बुसियाकडे कसावा (ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो) आणि नाचणी किंवा ज्वारी यांचं मिश्रण जुनं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच, तेव्हा आपलंच धान्य माहेरच्या पद्धतीने शिजवतोय असं समजा. दोन वाट्या नाचणीच्या पिठात एक वाटी कसाव्याचं पीठ घाला. ते तयार मिळालं तरच वापरा. कच्चा कडू कसावा विषारी असतो. तो आंबवून, वाळवूनच दळावा लागतो, घरी प्रयोग नको. साबुदाणा कसाव्याचाच, पण तो निव्वळ स्टार्च. त्याचं पीठ घ्यायचंच तर पाव वाटीवर थांबा, नाहीतर डिंक होतो.

खारपाणी. खरी मेहनत इथे आहे. वालासारख्या शेंगांची वाळकी टरफलं आणि देठ जाळून राख करतात, ती भोकं पाडलेल्या भांड्यात भरून वरून पाणी ओततात. खाली ठिबकतं ते फिक्या चहाच्या रंगाचं पाणी भाजीत घालतात. या खारामुळे जून पानंही मऊ होतात. घरी स्वच्छ राख मिळाली तर फडक्यातून दोनदा गाळा आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. नाहीतर चिमूटभर खायचा सोडा. खुमारी थोडी कमी होते, पण काम भागतं.

भाजी. मुरेरे म्हणजे ज्यूटच्या झाडाची कोवळी पानं. आपल्याकडे पावसाळ्यात शेताकडेला उगवणारी मोठी चुंच तीच. शिजल्यावर भेंडीसारखी बुळबुळीत होते. म्हणून तिच्याबरोबर चवळीची पानं घालतात: चवळी थोडी राठ, मुरेरे तिला सैल करते. दीड वाटी पाणी उकळा, चमचाभर खारपाणी घाला, मग दोन्ही पानं मिळून मोठी जुडीभर. झाकण ठेवू नका, मधूनमधून ढवळा. पंधरा मिनिटांत पानं विरघळल्यासारखी दिसली की मीठ घाला. शेवटी थोडं दूध. कडवट पालेभाजी असली तर दूध हवंच. तिळवण आणि कामोणी तिथेही खातात, आणि दुधाने त्यांचा कडूपणा दबतो. फोडणीचा मोह टाळा.

मासळी. सरोवरातली ओमेना, बोटाएवढी चंदेरी मासळी, उन्हात वाळवून विकतात. आपल्याकडे सुकी मांदेली घ्या. गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून तीनदा धुवा, कारण वाळू राहिली तर सगळं जेवण वाया. कांदा-टोमॅटोवर परतून घ्या.

ओबुसुमा, अगदी शेवटी. जाड बुडाच्या पातेल्यात तीन वाट्या पाणी खळखळ उकळू द्या. आधी मूठभर पीठ घालून पातळ पेज करा, ती उकळली की उरलेलं पीठ थोडं थोडं घाला. लाकडी पळी फक्त फिरवायची नाही. पीठ भांड्याच्या कडेला दाबून रगडायचं. गुठळ्या त्यानेच मोडतात. मंद आचेवर दहा मिनिटं, दंड भरून येईपर्यंत. कच्च्या पिठाचा वास गेला, भाजल्यासारखा वास आला आणि गोळा कडा सोडू लागला की ताटात पालथा करा.

उजव्या हाताने तुकडा तोडा, मुठीत मळा, अंगठ्याने खळगा पाडा आणि त्यात भाजी उचला. चमचा दिलात तर अर्धी मजा गेली.

पाहुणा आला तर मान कोंबडीचा, तिला इंगोखो म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे तिचा गिझर्ड (दाणे दळणारी पोटातली मांसल पिशवी) घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात, आणि बायकांना कोंबडी आणि अंडी दोन्ही वर्ज्य. रांधणारीनेच खायचं नाही, ही अजब वाटणी आता बरीच मागे पडली आहे.

भाजी उरली तर टाकू नका. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर पुन्हा गरम करा, थोडं दूध घाला. ती पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरपूस पापडी खरवडून ठेवा. तिच्यासाठी घरात भांडण होणार.