जोमोन सांगाड्यांचे दात तपासताना या चुका टाळा

जोमोन म्हणजे शिकार, मासेमारी आणि रानातलं अन्न यांवर जगणारे प्रागैतिहासिक जपानमधले लोक. त्यांच्या जबड्यात पुढचा दात जागेवर नाही म्हणजे तो किडून पडला, असं धरून नोंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आधी खोबण, म्हणजे जबड्याच्या हाडातला दाताचा खड्डा, पाहा. कडा धारदार आणि आतली जागा मोकळी असेल तर माणूस मेल्यानंतर दात निसटलाय. चाळणीतली माती पुन्हा तपासा. खोबण हाडाने भरून कडा गोलसर झाल्या असतील तर दात गेल्यावरही माणूस जगलाय. हाड भरायला महिने लागतात, म्हणून मृत्यूच्या थोडं आधी गेलेला दात फसवतो. भिंगाखाली खोबणीत नवं, सच्छिद्र हाड दिसतं का ते बघा.

भरलेली खोबण म्हणजेही रोग नव्हे. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी, जोमोन काळाच्या शेवटच्या टप्प्यात, निरोगी दात मुद्दाम काढण्याची प्रथा होती. जपानच्या आयची प्रांतातल्या योशिगो आणि ओकायामा प्रांतातल्या त्सुकुमो या स्थळांवरच्या जबड्यांत ती ठळक दिसते: वरचे दोन्ही सुळे, आणि खाली कुणाचे चारही पटाशीचे दात तर कुणाचे दोन्ही सुळे. दात दोन्ही बाजूंनी जोडीने गायब, शेजारचे धडधाकट, गळवाची खूण नाही, तर ‘काढलेला’ अशी वेगळी नोंद करा. वरच्या पटाशीच्या दातांवर त्रिशूळासारख्या खाचा कोरलेल्या दिसल्या तर शंका आणखी कमी. एक्स-रे मात्र काढाच. मुळाचं टोक आत राहिलेलं असू शकतं. अक्कलदाढ नसेल तर ती उगवलीच नव्हती की काय, हेही एक्स-रेच सांगतो.

टक्केवारीत होणारी गफलत इतकी सहज दिसत नाही. समजा ८ माणसांचे २५६ दात आहेत: दाढा-उपदाढा १६०, पैकी ३२ किडलेल्या, पुढचे ९६, पैकी २ किडलेले. कीड १३.३ टक्के. एकमुळी पुढचे दात मातीत लवकर निसटतात. ६६ गळाले आणि उरलेल्या ३० पैकी १ किडलेला असला, तर तीच माणसं १७.४ टक्क्यांवर जातात. म्हणून पुढचे आणि मागचे दात वेगळे मोजा, आणि वयोगटही वेगळे ठेवा. म्हाताऱ्यांत कीड जास्त असणारच.

हयातीत गेलेले दात हिशेबात घ्यायला दातांचे अभ्यासक जॉन लुकाक्स यांनी १९९५मध्ये सुचवलेली किडीच्या टक्केवारीची दुरुस्ती वापरतात. आपल्याकडे इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन दातांवर काम केलेले तेच हे लुकाक्स. आतला गर (दाताचा मऊ, जिवंत गाभा) उघडा पडलेल्या दातांपैकी किती किडीने आणि किती झिजेने उघडे पडले हे पाहायचं, आणि त्याच प्रमाणात हयातीत गेलेल्या दातांपैकी काही किडीच्या खात्यात धरायचे. पण मुद्दाम काढलेले दात आधी वगळले नाहीत तर हे गणित जोमोनसाठी निरर्थक ठरतं.

झीज इथे जबरदस्त असते. दाढेवरच्या खाचाच घासून जातात, त्यामुळे फक्त चावण्याचा पृष्ठभाग पाहणाऱ्याच्या नजरेतून बरीच कीड सुटते. दाताची मान आणि दोन दातांमधल्या बाजू पाहा. झिजलेला दात हळूहळू वर येत राहतो. तेव्हा मूळ उघडं दिसलं की लगेच हिरडीचा आजार म्हणू नका. हाडाची कड गोलसर, खडबडीत, सच्छिद्र आहे का ते तपासा.

काळा डाग म्हणजे कीड नव्हे. मँगनीज आणि लोह मातीतून चढतात. तोच रंग तुटलेल्या पृष्ठभागावरही असेल तर तो पुरल्यानंतरचा. खड्डा खरोखर आत गेला असेल तरच कीड लिहा. टोकदार सुई टोचून पाहू नका, मऊ झालेला भाग ढासळतो.

दातावरचं कीटण (घट्ट झालेला थर) स्वच्छ करण्याचा मोह आवरा. त्यात पिष्टकण आणि डीएनए टिकतात. मऊ ब्रशने माती झाडा, तेवढंच.

शेवटी, शिकारी-कोळी म्हणजे कीड कमी, असं गृहीत धरू नका. दातांचे अभ्यासक क्रिस्टी टर्नर यांनी १९७९ मध्ये जोमोन दातांसाठी ८.६ टक्के हा आकडा दिला, जो अशा लोकांसाठी चढा आहे. चेस्टनट, ओकची फळं, कंद यांतलं पिष्ट हे त्याचं मानलं जाणारं कारण. सागरी प्राण्यांवर जगणाऱ्या, उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या जोमोनांत कीड बरीच कमी. शिवाय ज्वालामुखीच्या आम्ल मातीत हाडं विरतात आणि शिंपल्यांच्या ढिगांत चुन्यामुळे वाचतात, त्यामुळे आपल्या हाती बहुतेक किनाऱ्यावरचीच माणसं येतात. डोंगराळ भागातल्यांबद्दल त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका.