सामाईक काठ कसा राखायचा: एका जुन्या भाऊसाहेबाच्या वहीतून

नोकरीची पहिली सात वर्षं मी पेण तालुक्यात ग्रामसेवक होतो. मग आंतरजिल्हा बदली मिळाली आणि सोलापूरला, घरी आलो. तिकडं खाडी, इकडं हिप्परग्याचा तलाव. पाणी वेगळं, भांडणं तीच. तिकडं एका गावाच्या हद्दीत खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी शेजारच्या गावाच्या भातात शिरायचं. एका गावानं दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मागून घेतला की पलीकडच्या गावाची वाळू सरकायला लागायची. इकडं वरच्या गावाच्या ओढ्यातली माती खालच्या गावाच्या काठावर येऊन बसते. पाण्याला शिव कळत नाही, ग्रामपंचायतीला मात्र शिवेपलीकडचं काहीच दिसत नाही.

हिप्परग्याचंच बघा. कागदावर हा एकरुख तलाव. आदिला नदी अडवून इंग्रजांनी १८७१ मध्ये बांधून पूर्ण केला. मालक जलसंपदा खातं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून. शहरासाठी पाणी महापालिका उचलते. तलाव सांडला की आदिला थेट शहराकडं धावते. आणि काठावरचा कचरा, वेडी बाभूळ, अतिक्रमण, बुडालेलं जनावर हे सगळं ग्रामपंचायतींच्या दारात. एकट्या गावानं यातलं काही निस्तरत नाही. म्हणून काठावरच्या गावांना एकत्र बसवायचं असेल तर मी काय केलं, काय चुकलं, ते लिहितो.

आधी समिती करू नका. समिती झाली की अध्यक्ष कोण यावर दोन महिने जातात. आधी मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, सगळ्या गावांनी मिळून काठानं चालायचं. सकाळी सहाला निघा, दहाच्या आत संपवा, सोलापूरचं ऊन कुणाची गय करत नाही. प्रत्येक गावाचा सरपंच, तलाठी किंवा कोतवाल, मासेमारी सोसायटीचा एक माणूस, कपडे धुवायला जाणारी एखादी बाई आणि एक मेंढपाळ, एवढे हवेतच. हातात गावनकाशा आणि जलसंपदाच्या शाखा कार्यालयातून आणलेला भूसंपादनाचा नकाशा. हा दुसरा नकाशा नसेल तर फेरी फुकट, कारण सगळं भांडण खात्याची जमीन कुठं संपते आणि गायरान कुठं सुरू होतं यावरच असतं.

आमच्या पहिल्या फेरीत हद्दीचा एक दगड सापडेना. नकाशात आहे, जागेवर नाही. दोन सरपंच हमरीतुमरीवर आले. मागं शेळ्या घेऊन उभा असलेला म्हातारा म्हणाला, "भाऊसाहेब, दगड बगायचाय व्हय? ह्यो बगा, शेळी बांधलीय त्याला." बाभळीच्या जाळीत, दोरीचे वळ पडलेला घडीव दगड. त्या दिवशी त्या टप्प्यातले उरलेले चार दगड त्यानंच दाखवले. पुढं प्रत्येक फेरीला आम्ही त्याला घ्यायला गाडी पाठवायचो.

चालताना वहीत तीनच गोष्टी लिहा: माती कुठून येते, घाण कुठून येते, कुणाचं पोट या काठावर आहे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाणी मागं सरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर कुणी कलिंगड लावतो, कुणी ज्वारी. ती जमीन रीतसर भाडेपट्ट्यानं मिळते, पण काहींचा नुसताच ताबा असतो. त्यांना पहिल्याच दिवशी 'अतिक्रमणवाले' म्हणालात तर काम तिथंच थांबलं समजा. पट्टा नियमित करून घ्या म्हणावं, आणि पाण्यालगतची पट्टी औषध-खताविना ठेवायची अट सगळ्यांनी मिळून ठरवावी. फवारलेलं पावसात तलावातच उतरतं, आणि तेच पाणी शहर पितं.

मग ठराव. ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा जास्त पंचायतींना, इतर स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन, संयुक्त समिती नेमता येते. फार कमी गावं ही तरतूद वापरतात. प्रत्येक गावात ठराव एकाच महिन्यात आणि शब्दाशब्दानं सारखा हवा. आमच्याकडं एका गावानं 'तलाव परिसर' लिहिलं, दुसऱ्यानं 'तलावाची जमीन'. तालुक्याच्या कार्यालयातून दोन्ही परत आले, कारण जमीन पंचायतीची नव्हतीच. आता मी असं लिहायला सांगतो: 'पूर्ण जलसंचय पातळीच्या वरील, आमच्या हद्दीतील काठ व त्याला मिळणारे ओढे'. म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या वरचं आपलं; खालचं जलसंपदाचं, त्यांच्या परवानगीनं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. माणसं जमत नसतील तर विषयपत्रिकेत गाळ वाटपाचा विषय घाला, जमतात.

समितीत प्रत्येक गावाचे दोघं, सोसायटीचा एक आणि वरच्या अंगाच्या, काठावर नसलेल्या गावाचा निदान एक. या शेवटच्याला लोक विसरतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती कागदावर आहे. त्यातलीच माणसं इकडं घ्या, म्हणजे थंडीत येणाऱ्या रोहित आणि पट्टकादंब पक्ष्यांची नोंदही आपोआप होते.

पैशाबद्दल माझं मत ठाम आहे: संयुक्त खातं उघडू नका. आम्ही उघडलं. तीन सह्यांचा नियम केला, निवडणुका झाल्या, दोन सरपंच बदलले, आणि नव्यांच्या सह्या बँकेत चढेपर्यंत चौदा महिने पैसा अडकून पडला. आता प्रत्येक पंचायत आपला खर्च आपल्या आराखड्यात दाखवते. ओढ्यावरचे बांध, चर, झाडं रोजगार हमीतून. कचरा आणि सांडपाणी वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. सामाईक काम एका वर्षाला एकच, आणि ते ज्याच्या हद्दीत त्याच्याच दप्तरी.

आता काठावरचं काम. गाळासाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, पण शेतात गेला तरच तो गाळ. खाली मुरूम लागला की यंत्र थांबवायचं. आमच्याकडं एका ठेकेदारानं रात्रीतून मुरूम उचलला, तिथं डोह झाला. तेव्हापासून खेपांची वही गावातल्या बचत गटाच्या बायकांकडं दिली, त्यांच्या डोळ्यातून ट्रॅक्टर सुटत नाही. धरणाच्या भरावाजवळ तर हात लावायचा नाही, अंतर अभियंत्याकडून लेखी घ्या. वेडी बाभूळ एकदम साफ करू नका. पट्ट्यापट्ट्यानं काढा आणि मागोमाग मारवेल, पवना गवत लावा, नाहीतर पहिल्या पावसात उघडी माती तळाला. ओढ्याच्या तोंडाशी वाळ्याच्या दोन-तीन ओळी आडव्या लावल्या तर माती तिथंच अडते. चरायला येणाऱ्यांना एक बाजू मोकळी ठेवा, म्हणजे दुसरी जगते.

पेणला जुनी माणसं सांगायची, बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखल टाकायला जायचा. पुढं बांध सरकारकडं गेले, १९७९ मध्ये खार जमिनींचा नवा कायदाही आला, आणि बांध फुटला की लोक अर्ज लिहायला लागले. म्हणून वर्षातून एक दिवस घरटी एक माणूस काठावर आलाच पाहिजे, एवढं तरी ठरवा. आम्ही पोळ्यानंतरचा रविवार धरला होता.

बैठक दर महिन्याला वेगळ्या गावात. चहा त्या गावाचा. इतिवृत्त तिथंच लिहायचं, वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या. सह्या झाल्याशिवाय चहाची किटली आत आणायची नाही, हे मी शिपायाला बजावून ठेवलं होतं.