ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकताना सॉफ्टवेअरची सेटिंग्ज कशी जपावीत

संगणक फॉरमॅट करायची वेळ आली की बहुतेक जण डॉक्युमेंट्स, फोटो आणि डेस्कटॉपवरच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतात आणि बॅकअप पूर्ण झाला असे समजतात. काही वर्षांपूर्वी मीही तसेच केले होते. विंडोज नव्याने टाकून झाली, वर्ड उघडले आणि कधीच्या काळी शब्दकोशात भरून ठेवलेल्या शेकडो संज्ञा आणि विशेषनामे पुन्हा तांबड्या रेषांखाली दिसू लागली. ती फाइल अवघ्या काही किलोबाइटची होती, तिची प्रत घ्यायला एक सेकंदही लागला नसता, पण ती कुठे असते हेच मला ठाऊक नव्हते. सॉफ्टवेअर केव्हाही पुन्हा उतरवून घेता येते. त्यात आपण हळूहळू घातलेली भर मात्र आपल्याच डिस्कवर असते आणि फॉरमॅटबरोबर जाते. म्हणून पुढील तयारी डिस्क पुसण्यापूर्वी, घाई नसताना करावी.

सर्वांत आधी, फॉरमॅट खरोखर आवश्यक आहे का ते पाहावे. विंडोज सुरू होत असेल आणि तक्रार केवळ बिघडलेल्या सिस्टीम फायलींची असेल, तर त्याच आवृत्तीची आयएसओ फाइल (विंडोजची संपूर्ण इन्स्टॉलेशन डिस्क सामावणारी एकच फाइल) उतरवून, ती चालू विंडोजमध्येच उघडून तिच्यातील सेटअप चालवता येतो. त्यात वैयक्तिक फायली आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडला की सिस्टीम नव्याने बसते, पण सॉफ्टवेअर आणि त्याची सेटिंग्ज बहुतांशी जागच्या जागी राहतात. एडिशन (होम, प्रो इत्यादी) आणि भाषा जुळत नसेल तर हा पर्याय मिळत नाही. याची गल्लत ‘रीसेट धिस पीसी’ या सोयीशी करू नये. तिथे ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी आपण टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात आणि त्यांच्या नावांची यादी तेवढी डेस्कटॉपवर उरते. व्हायरसची शंका असेल, डिस्क बदलायची असेल किंवा विंडोज सुरूच होत नसेल, तर पूर्ण फॉरमॅटला पर्याय नसतो. पुढील मजकूर त्या प्रसंगासाठी आहे.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर जसेच्या तसे उचलून ठेवले की सॉफ्टवेअर वाचले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. इन्स्टॉल होताना सॉफ्टवेअर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मध्यवर्ती नोंदवहीत, नोंदी करते, पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस बसवते आणि काही फायली इतरत्र ठेवते. नव्या विंडोजला यांपैकी कशाचीच माहिती नसल्यामुळे नुसते फोल्डर परत आणून बहुतेक सॉफ्टवेअर चालत नाहीत. ती नव्यानेच टाकावी लागतात. जपायची असतात ती सेटिंग्ज, आणि ती मुख्यतः वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील ‘ॲपडेटा’मध्ये असतात. हे फोल्डर लपवलेले असल्याने एरवी दिसत नाही. विंडोज की आणि आर एकत्र दाबून, ‘ॲपडेटा’ हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह लावून रोमन लिपीत टाइप केला की त्यातील ‘रोमिंग’ हा भाग उघडतो. एक पायरी वर गेल्यास शेजारी ‘लोकल’ आणि ‘लोकललो’ दिसतात. ‘रोमिंग’ पूर्ण घ्यावे. ‘लोकल’मध्ये तात्पुरत्या फायलींचा ढीग असतो, त्यामुळे तिथून आपल्या सॉफ्टवेअरची फोल्डरे निवडून घ्यावीत. जागा पुरेशी असेल तर मात्र निवडत बसण्यापेक्षा संपूर्ण ‘ॲपडेटा’ उचलणेच मला श्रेयस्कर वाटते. सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ हेही लपवलेले फोल्डर असून सर्व वापरकर्त्यांसाठीची सामायिक सेटिंग्ज काही सॉफ्टवेअर तिथे ठेवतात.

माझा हरवलेला शब्दकोश याच ‘रोमिंग’मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातील ‘यूप्रूफ’ नावाच्या फोल्डरात होता. ‘कस्टम’ नावाची ही साधी मजकूर फाइल आहे आणि ती नोटपॅडमध्ये उघडली की आपण भरलेले शब्द एका ओळीत एक असे दिसतात. तिच्या शेजारीच ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरात वर्डचे ‘नॉर्मल’ टेम्प्लेट असते, ज्यात आपल्या शैली आणि मॅक्रो साठलेले असतात. ‘सिग्नेचर्स’मध्ये आउटलुकच्या सह्या असतात आणि ‘ऑफिस’ फोल्डरात ऑटोकरेक्टच्या याद्या असतात. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी ‘रोमिंग’मधील लिबरऑफिस फोल्डर पाहावे. त्यात ‘4’ या नावाचे फोल्डर दिसेल. सॉफ्टवेअरची आवृत्ती कितीही पुढची असली तरी हे नाव बदललेले नाही, त्यामुळे ते जुने समजून सोडून देऊ नये. शब्दकोश आणि सेटिंग्ज त्यातल्याच ‘यूजर’मध्ये असतात.

ब्राउझरच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण वरकरणी सारखे दिसणारे दोन ब्राउझर इथे अगदी वेगळे वागतात. फायरफॉक्सचे बुकमार्क, इतिहास, एक्स्टेन्शन आणि पासवर्ड हे सारे एका प्रोफाइल फोल्डरात असते आणि पासवर्ड उघडणारी किल्लीही त्याच फोल्डरात असते. म्हणून तेवढे फोल्डर जपले की पासवर्डही परत येतात. क्रोमचे तसे नाही. विंडोजवर त्याच्या पासवर्डांचे कुलूप त्या विशिष्ट विंडोज खात्याशी बांधलेले असते. नव्या विंडोजमध्ये त्याच नावाचे खाते उघडले तरी ते आतून वेगळे खाते असते, त्यामुळे क्रोमचे फोल्डर परत आणल्यावर बुकमार्क दिसतात पण जतन केलेले पासवर्ड उघडत नाहीत. यासाठी आधीच सिंक (पासवर्डांची प्रत गूगल खात्यात ठेवण्याची सोय) चालू आहे याची खात्री करावी किंवा पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये एक्स्पोर्ट करावेत. या फाइलमध्ये सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, हे ध्यानात ठेवून ती काम होताच कायमची पुसून टाकावी.

काही सॉफ्टवेअर फाइल न ठेवता सेटिंग्ज रजिस्ट्रीत लिहितात. दूरच्या संगणकाशी जोडून देणारे पुटी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील जतन केलेली सर्व सेशन (जोडण्यांच्या नोंदी) ‘करंट यूजर’ या शाखेखालील ‘सॉफ्टवेअर’मध्ये, पुटीच्या लेखकाच्या नावाच्या उपशाखेत असतात. रजिस्ट्री एडिटर उघडून नेमक्या त्या शाखेवर उजवी क्लिक करावी आणि ती एक्स्पोर्ट करावी. तयार झालेल्या फाइलवर नव्या विंडोजमध्ये डबल क्लिक केले की नोंदी जागेवर बसतात. संपूर्ण रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून नंतर एकदम आत ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यात जुन्या सिस्टीमच्या ड्रायव्हरांच्या आणि खात्यांच्या नोंदीही असतात आणि त्या नव्या सिस्टीमला बिघडवू शकतात.

ज्या गोष्टी कॉपी करून येतच नाहीत, त्यांची वेगळी नोंद कागदावर करावी. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने बंद असेल तर 48 अंकी रिकव्हरी की हाताशी हवी. सुट्या फायली विंडोजच्या ईएफएस या फाइल-एन्क्रिप्शनने बंद केल्या असतील तर त्यांचे सर्टिफिकेट एक्स्पोर्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ते गेले की त्या फायली डोळ्यांसमोर असूनही उघडता येत नाहीत. ठरावीक संगणकांपुरतेच लायसन्स देणारी सॉफ्टवेअर फॉरमॅटपूर्वी डीॲक्टिव्हेट करावीत, अन्यथा पुसलेली सिस्टीमही एक संगणक म्हणून मोजली जाऊ शकते. सॉफ्टवेअरची यादी हाताने लिहिण्याऐवजी कमांड प्रॉम्प्टमध्ये विंगेट या विंडोजच्या सॉफ्टवेअर टाकण्याच्या साधनाची ‘विंगेट एक्स्पोर्ट’ ही कमांड देऊन एका फाइलमध्ये उतरवता येते आणि पुढे ‘विंगेट इम्पोर्ट’ने त्यातील सॉफ्टवेअर एकामागून एक टाकता येतात. या यादीत सेटिंग्ज नसतात आणि विंगेटला माहीत नसलेली सॉफ्टवेअरही नसतात, म्हणून तिच्यावर एकदा नजर फिरवून सुटलेली नावे स्वतः जोडावीत.

प्रत घेताना संबंधित सॉफ्टवेअर बंद असले पाहिजे. फायरफॉक्ससारखी सॉफ्टवेअर आपली माहिती डेटाबेस फायलींत ठेवतात, आणि चालू असताना ताजे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असू शकतात. अशा वेळी उचललेली प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो. प्रत झाल्यावर फोल्डरांचा आकार जुळतो का ते पाहावे आणि दोन-तीन महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून पाहाव्यात. शक्य असल्यास याखेरीज संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, क्लोनझिलासारख्या साधनाने काढून ठेवावी. आपण यादी कितीही विचारपूर्वक केली तरी एखादे फोल्डर सुटतेच, आणि ते मागाहून शोधायला इमेजसारखा दुसरा आधार नाही.

परत आणतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सॉफ्टवेअर टाकावे, एकदा उघडून बंद करावे, म्हणजे ते आपली कोरी फोल्डरे तयार करते. मग त्या कोऱ्या फोल्डराचे नाव बदलून बाजूला ठेवावे आणि जुने फोल्डर त्याच्या जागी ठेवावे. काही बिनसले तर कोरे फोल्डर परत आणता येते. फायरफॉक्सचे प्रोफाइल दर वेळी वेगळे नाव घेते, त्यामुळे तिथे फोल्डर न बदलता जुन्या प्रोफाइलमधील सर्व फायली नव्या प्रोफाइलमध्ये टाकाव्यात. नवे सॉफ्टवेअर जुन्याइतक्या किंवा त्याहून पुढच्या आवृत्तीचे असावे, कारण पुढच्या आवृत्तीची सेटिंग्ज मागच्या आवृत्तीला बहुधा वाचता येत नाहीत. एका वेळी एकच सॉफ्टवेअर परत आणून तपासावे. संपूर्ण ‘ॲपडेटा’ नव्यावर एकदम टाकल्यास बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही.

लिनक्सवर हे काम बरेच सोपे आहे, कारण वापरकर्त्याची जवळजवळ सर्व सेटिंग्ज ‘होम’ फोल्डरातच, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत असतात. ‘होम’ वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर) असेल तर नव्याने टाकताना ते पार्टिशन निवडावे, पण त्याच्यासमोरील फॉरमॅटची खूण काढलेली आहे हे पुढे जाण्यापूर्वी दोनदा पाहावे. सिस्टीमच्या पातळीवर हाताने केलेले बदल ‘ईटीसी’ फोल्डरात असतात. ते फोल्डर संदर्भासाठी सोबत घ्यावे, परंतु सरसकट नव्यावर टाकू नये. मॅकवर रिकव्हरीतून डिस्क न पुसता सिस्टीम टाकली तर ॲप्स आणि सेटिंग्ज राहतात, आणि पुसायचीच असेल तर टाइम मशीनचा बॅकअप मायग्रेशन असिस्टंटच्या साहाय्याने परत आणता येतो.

जुन्या पार्टिशनवर फॉरमॅट न करता विंडोज टाकल्यास आधीची सिस्टीम आणि वापरकर्त्यांची फोल्डरे ‘विंडोज.ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवली जातात. सुटलेली फाइल तिथे सापडू शकते, मात्र साधारण 10 दिवसांनी विंडोज ते फोल्डर आपोआप काढून टाकते, म्हणून हवे ते पहिल्याच आठवड्यात बाहेर काढावे. बाहेरच्या डिस्कवरील प्रत त्यानंतरही बराच काळ ठेवावी, कारण वर्षातून एकदाच लागणारे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत त्यातले काय राहिले ते कळत नाही.